कोमट पाणी

दार वाजलं तेव्हा धाकटीच्या हातात कोमट पाण्याचं भांडं होतं, आणि ते हातातून निसटलं नाही हेच नवल! ती थाप तिच्या ओळखीची होती... दबकी, घाईची, दार उघडलं नाही तर चटकन निघून जाता यावं अशी. कित्येक वर्षांत ती या दारावर पडली नव्हती, आणि तरीही कानांनी ती इतकी अचूक ओळखली की तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

दारात तिची मुलगी उभी होती.

"आई... आजी कशी आहे गं?"

मुलगी! हा शब्द धाकटीनं मनात किती वेळा घोळवला होता, आणि मोठ्यानं एकदाही उच्चारला नव्हता. या घरात जन्मलेलं ते लेकरू मुलगा म्हणून वाढलं, प्रार्थनाघरात पुरुषांच्या बाकावर बसलं, आणि एके दिवशी हात जोडून म्हणालं, "बाबा, मी मुलगा नाही हो... मी कधीच नव्हते." बापानं एक शब्द न बोलता उठून दार उघडून धरलं होतं, आणि त्या दारातून पिलू... हे आजीनं ठेवलेलं लाडाचं नाव... एक पिशवी घेऊन निघून गेलं होतं. आज तेच पिलू निळ्या साध्या पोशाखात, केस मानेवर बांधून, खांद्याला पाने, पकडी अशा हत्यारांची जड पिशवी अडकवून उभं होतं. दुसऱ्या शहरात ती फ्रीज दुरुस्त करायची, कोणाच्या उपकाराशिवाय पोट भरायची. आजीनं अंथरूण धरल्याचा फोन आईनं चोरून केला, आणि ती हातातलं काम टाकून आली.

"ये," धाकटी म्हणाली. समोरच्या घराच्या खिडकीत पडदा हलला. तिनं लगबगीनं दार लावून घेतलं, पण ज्यांनी पाहायचं त्यांनी पाहिलं होतं.

धाकटी हे काही तिचं नाव नव्हे. त्यांच्या प्रार्थनाघराच्या मंडळीत बाईमाणूस गेलं की शेवटची अंघोळ घालायला याच घरातल्या सासू-सुना जायच्या, म्हणून सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. त्या कामाचे नियम साधे होते. पाणी कोमट हवं, तान्ह्या बाळाला घालतात तसं, कोपर बुडवून पाहिलेलं. आणि अंघोळ घालताना जे दिसेल ते त्याच खोलीत ठेवून बाहेर यायचं. कोणाच्या पाठीवर पट्ट्याचे वळ, कोणाच्या मनगटावर जुनी खूण... धाकटीनं सगळं पाहिलं होतं, आणि नवऱ्यापाशीसुद्धा त्यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. मंडळीतली सर्वांत मोठी शिक्षाही पाण्याचीच होती. ज्याला बाहेर काढायचं त्याचं 'पाणी बंद' व्हायचं. जिवंतपणी त्याच्या घरी कोणी घोटभर पाणी प्यायचं नाही, मेल्यावर मंडळीतला एकही हात त्याला अंघोळ घालणार नाही, आणि प्रार्थनाघरामागच्या जमिनीत त्याला पुरायला जागा नाही. नुसतं नाव काढलं तरी भल्याभल्यांची बोबडी वळायची!

पिलू आजीच्या खोलीत गेलं. थोरली भिंतीकडे तोंड करून पडली होती. हाडांचा नुसता सापळा, पण नजर अजून करवतीसारखी. तिनं नातीकडे बघितलं... वरपासून खालपर्यंत, सावकाश... आणि एक शब्दही न बोलता पुन्हा भिंतीकडे वळली.

पिलूचा चेहरा पडला. "आजी माझ्यावर अजून रागावली आहे का गं?"

धाकटी काय सांगणार? पिलू घर सोडून गेलं त्या दिवशीही म्हातारी अशीच भिंतीकडे वळली होती. एरवी मीठ कमी पडलं तरी सुनेचा उद्धार करणारी ही बाई त्या विषयावर मात्र तोंडात मूग धरून बसली होती. दगडाचं काळीज, धाकटी मनाशी म्हणायची. दुसरं काय!

दुपारी नवरा जेवायला आला. खालीच त्याचं बुटांचं दुकान होतं, आणि प्रमुखकाकांच्या हाताखाली मंडळीच्या पंचांतही तो होता. गिऱ्हाइकाचं पाऊल बघून माप सांगणारा, शब्दाला पक्का, देवाला भिऊन वागणारा माणूस. आत येताच तो थबकला.

"फ्रीजची घरघर थांबली कशी? कोणाला बोलावलंस?"

उत्तर त्याला समोरच दिसलं. फ्रीजमागून पिलू उठत होती, गालाला काळा डाग, हातात पाना. घाबरली की हाताला काहीतरी काम लागायचं तिला, लहानपणापासूनची खोड!  त्या क्षणी त्यानं नुसतं 'ये' म्हटलं असतं तरी चाललं असतं हो... पण त्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"बाबा, मी आजीला भेटायला..."

"प्रमुखकाका आत्ताच दुकानात येऊन गेले," तो बायकोला म्हणाला, जणू खोलीत तिसरं कोणी नव्हतंच. "म्हणाले, तुझ्या घरात कोण आलंय ते कळलंय आम्हाला. उद्या प्रार्थनेनंतर सभा आहे. त्यानं पुरुषाच्या कपड्यांत यावं, पुरुषांच्या बाकावर बसावं आणि माफी मागावी. नाहीतर पाणी बंद. त्याचं, आणि जो आसरा देईल त्याचं."

"आणि तुम्ही? तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? पंच आहे मी! घरासाठी वेगळा न्याय लावू? उद्या माझ्या आईचं काही बरंवाईट झालं तर तिला अंघोळ कोण घालणार? तिला कुठं ठेवायचं, रस्त्यावर?"  ताटाकडे न बघताच तो जिना उतरून गेला.

पिलू हळूच म्हणाली, "मी संध्याकाळीच जाते, आई."

"अजिबात जायचं नाहीस! एकदा जाऊ दिलं ना तुला... ती एकच चूक पुरे झाली मला."

 संध्याकाळपर्यंत दोन शेजारणी जिन्यात भेटल्या, दोघींनी अंग चोरून वाट दिली. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं पाव दिला तोही न बोलता. आभाळ भरून यावं पण वारा पडावा, तशी सगळी गल्ली गप्प झाली होती.

आणि त्या गप्पपणात धाकटीला गाणाऱ्या मावशी आठवल्या.

मंडळीत त्यांच्याएवढा मान कोणाला नव्हता. एकट्या राहायच्या. भरदार, खालच्या पट्टीतला आवाज, गाऊ लागल्या की प्रार्थनाघराच्या काचा थरथरायच्या. मंडळीतल्या प्रत्येक लेकराला पहिली प्रार्थना त्यांनीच शिकवलेली. त्या गेल्या तेव्हा गाव लोटलं होतं, आणि त्यांचा फोटो अजून स्त्रियांच्या बाकांसमोर होता. त्यांना अंघोळ घालायला याच दोघी गेल्या होत्या. थोरलीनं चादर बाजूला केली... आणि दोघींचे हात जागच्या जागी थांबले. ज्यांना सारा जन्म मावशी म्हटलं, त्यांचं शरीर जन्मानं पुरुषाचं होतं!

धाकटी दाराकडे सरकली होती. थोरलीनं मात्र क्षणभर डोळे मिटले, चादर नीट केली, भांडं पुढं ओढलं आणि म्हणाली, "पाणी गार होतंय. चल." बस्स, तेवढंच. बाईमाणसाला घालावी तशी मायेनं अंघोळ घातली, केस विंचरले, बाहेर आल्या. त्या विषयावर सासू-सुनेत आजवर एक शब्द झाला नव्हता.

आता तो शब्द धाकटीच्या जिभेवर येऊन बसला होता. उद्या भर सभेत सांगितलं तर? ज्यांच्या मांडीवर तुम्ही सगळे बोबडे बोल शिकलात ना, त्या कोण होत्या ते ऐका! कोणाची टाप होती मग तिच्या लेकरावर बोट उचलायची?

ती सासूला पाणी पाजायला गेली. थोरली तिच्याकडेच टक लावून बघत होती. मनातलं वाचल्यासारखी.

"पाणी गार होतंय," थोरली म्हणाली.

हातातला पेला तर गरम होता.  म्हातारी धमकी देत होती! नातीचं वाटोळं झालं तरी चालेल, पण तोंड उघडू नकोस म्हणत होती. "तुम्हाला काही वाटत नाही का हो, आई?" ती म्हणाली. "तुमच्याच रक्ताचं आहे ते..." थोरलीनं डोळे मिटून घेतले. मिटल्या पापण्यांतून ओघळलेलं पाणी धाकटीला दिसलं नाही, कारण ती तोवर पाठ फिरवून निघाली होती.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनाघर खच्चून भरलं होतं. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, समोर पंच. पिलू निळ्याच पोशाखात आली होती. ना डावीकडे तिला जागा, ना उजवीकडे. दाराच्या उंबऱ्याशी ती उभी राहिली, दोन्ही बाह्या बोटांवर ओढून. धाकटी तिच्याशेजारी उभी होती, मंडळीतल्या बायकांना अंघोळ घालायचं थोरलीचं पांढरं भांडं छातीशी धरून.

प्रमुखकाका वाईट माणूस नव्हते, हेच तर दुःख! डोळ्यांत पाणी आणूनच ते बोलले. "अरे बाळा, देवानं दिलेलं नाकारू नये. तू चार पावलं चालून त्या बाकावर बस, मी स्वतः तुला मिठी मारीन." पिलूनं मान हलवली. "काका, मी देवाला काही नाकारलं नाही हो. त्यानं मला असंच केलंय. मी खोटं बोलणं तेवढं बंद केलं."

सभेत कुजबूज उसळली. कोणीतरी फिसकन हसलं. एक बाई मान वाकडी करकरून पिलूच्या गळ्याकडे, छातीकडे, हातांच्या पंजांकडे बघत होती... बाजारात जनावर बघावं तसं.

प्रमुखकाकांनी फोटोकडे हात केला. "या मावशींच्या मांडीवर आपण देवाचं नाव शिकलो. आज त्या असत्या, तर हे बघून त्यांना काय वाटलं असतं!"

"मावशींचं नाव काढू नका!" धाकटी किंचाळली.

 नवऱ्यानं चमकून वर पाहिलं.

"का? का नाही काढायचं?" प्रमुखकाकांनी विचारलं.

आता! आता एक वाक्य, फक्त एक... आणि या सगळ्यांच्या माना खाली गेल्या असत्या. धाकटीनं तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारी पिलूनं पोशाख गळ्याशी आवळून धरलेला तिनं पाहिला. ती मान वाकडी करणारी बाई अजून बघतच होती. आणि धाकटीला दिसलं... आपण हे वाक्य बोललो, की हेच डोळे त्या फोटोवर जातील. गळ्यावर, छातीवर, हातांवर. ज्या बाईनं हे गुपित जन्मभर जपलं, मेल्यावर विश्वासानं आपल्या हातात दिलं, तिला आपण भर सभेत उघडं करणार! माझ्या लेकराला हे करताहेत, तेच मी मावशींना करू?

तिनं तोंड मिटलं. 

"काही नाही," ती म्हणाली. "एवढंच, की मावशींनी कोणाला दारात उभं केलं नव्हतं." मग पुढं जाऊन तिनं ते पांढरं भांडं पंचांच्या पायाशी ठेवलं. "हे घ्या. ही माझी मुलगी आहे. तिचं पाणी बंद करणार असाल तर माझंही करा."

'माझी मुलगी'... शब्द एवढे सोपे होते! इतकी वर्षं का नाही जमलं?

पाणी बंद करायच्या बाजूनं पंचांचे हात एकेक करून वर गेले. सगळ्यांत शेवटी तिच्या नवऱ्याचा. तिच्या डोळ्यांदेखत वर गेला.

घरी आल्यावर ती तडक सासूच्या खोलीत शिरली. पिलू जिन्यातच थांबली होती. थोरली उशीला टेकून बसली होती, कशी बसली देव जाणे!

"बोललीस?"

"नाही."

"मावशींबद्दल एक शब्दही नाही?"

"नाही, आई. झालं समाधान? पोरीचं पाणी बंद झालं, माझंही झालं. तुमचा नियम तेवढा राखला!"

आणि थोरली रडू लागली. जिनं नवरा गेला तेव्हा सगळ्यांसमोर टिपूस काढलं नव्हतं, ती म्हातारी लहान पोरासारखी हमसून हमसून रडू लागली!

"अगं वेडे... नियम कसला घेऊन बसलीस? भ्याले होते मी. पिलूनं सांगितलं ना, त्याच दिवशी मला मावशी दिसल्या. वाटलं, जवळ घ्यावं, म्हणावं, तू काही पहिली नाहीस गं राणी. पण तोंड उघडलं तर माझ्याकडून सगळंच सांगून होईल, आणि मावशींची माती उकरतील हे लोक... म्हणून भिंतीकडे वळले. भिंतीकडे वळले, नि पोर निघून गेलं. तुला वाटलं मी दगड आहे, होय ना?"

 एकाच घरात, एकाच चुलीपाशी, दोघींनी तेच ओझं उचललं होतं, आणि दोघींना वाटत होतं समोरची निर्दय आहे... अंघोळ घालणाऱ्या बायका, गप्प राहायची इतकी सवय की आपसातही बोलल्या नाहीत! ती सासूच्या गळ्यात पडली. कितीतरी वेळ दोघी तशाच होत्या.

"पिलूला बोलाव," थोरली डोळे पुसून म्हणाली. "आणि माझ्या लेकालाही."

नवरा दारात येऊन उभा राहिला, मान वर न करता. पिलू पलंगाशी बसली, आणि आजीनं तिचा ग्रीसनं काळवंडलेला पंजा आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"ऐक रे. मला आता फार दिवस नाहीत. मला शेवटची अंघोळ माझी नात घालणार. सुनेनं मदत करावी. दुसरा हात नको."

"आई!" तो कळवळला. "अगं, मग तुझंही पाणी बंद होईल! जमीन मिळणार नाही तुला. बाबांच्या शेजारची जागा ठेवलीय तुझी..."

"तुझ्या बाबांना मी चांगली ओळखते. ते येतील चालत माझ्याकडे." म्हातारी हसली. मग नातीकडे वळली. "घाबरू नकोस हं. मी काही चावणार नाही."

पिलू आजीच्या मांडीवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली. तो मात्र उभाच राहिला. वळला, जिना उतरला. दुकानाचं शटर खाली ओढल्याचा आवाज वरपर्यंत आला.

थोरली पुढच्या आठवड्यात गेली. सकाळी गेली, आणि दुपार झाली तरी एकही बाई आली नाही. जिच्या हातांनी या गल्लीतल्या प्रत्येक घरची आई, सासू, आत्या न्हाऊ घातली, तिच्या दारात एक चप्पल नव्हती! समोरच्या खिडक्या बंद होत्या. नवरा मघाशी कुठंतरी निघून गेला होता, न सांगता. बहुधा प्रमुखकाकांकडे, धाकटीनं ओळखलं. हातापाया पडून, दोन बायका आणि ती जमीन मागून आणायला. त्या बायका आल्या की पिलूला खोलीबाहेर काढतील... तिनं जिन्याच्या दाराला आतून कडी घातली.

"हे बघ, असं कोपर बुडवायचं," ती लेकीला म्हणाली. "चटका नको, गारठाही नको."

पिलूनं कोपर बुडवलं. कामाचे हात ते, लगेच कामाला लागले. आधी चेहरा, मग मान, मग ते वाळलेले हात. किती हळुवार! जणू आजी झोपलीय आणि जागी होता कामा नये.

"आणि इथं जे दिसतं ते इथंच ठेवायचं," धाकटी म्हणाली.

"काय दिसतं, आई?"

धाकटीला मावशी आठवल्या, आणि त्याही तिनं तिथंच ठेवल्या. "माणूस दिसतं, बाळा. दुसरं काय दिसणार?"

अर्धं अंग झालं, आणि पाणी गार झालं. गॅस मघाशीच संपला होता. शेजारी मागायची सोय राहिली नव्हती.  तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. जड, सावकाश. दारापाशी थांबली. धाकटीनं सासूवर चादर ओढली आणि लेकीच्या पुढं येऊन उभी राहिली.

"कोण आहे?"

 मग दारावर थाप पडली... दबकी, दार उघडलं नाही तर निघून जाता यावं अशी.

पिलूनंच कडी काढली.

दारात तिचा बाप उभा होता, एकटा. हातांत ते पांढरं भांडं, पंचांच्या पायाशी ठेवलेलं, आणि त्यातून मंद वाफ येत होती. सदऱ्याची उजवी बाही वर सरकवलेली होती आणि कोपर ओलं होतं.

"खाली दुकानातल्या शेगडीवर तापवलंय," तो भांड्याकडेच बघत म्हणाला. "कोमट आहे... बघूनच आणलंय."

पिलू त्या ओल्या कोपराकडे बघत होती.

"भांडं आणायला गेलो होतो. आईचं आहे ते. प्रमुखकाकांनी विचारलं, अंघोळ कोण घालतंय? मी म्हटलं, तिची नात." त्यानं भांडं सावरलं. "म्हणाले, मग तुझंही पाणी बंद. बरं म्हटलं... शहराबाहेरच्या सरकारी जमिनीत जागा सांगून आलोय. तिथं कोण कोणाचं, विचारत नाहीत."

पिलूनं भांडं घ्यायला हात पुढं केले. भांड्याखाली त्याचे हात तिच्या हातांना लागले, आणि त्यानं ते मागं घेतले नाहीत.

"पोरी... मी हात वर केला होता गं. तू बघितलास ना?"

"बघितला, बाबा."

"मग मला आत यायला सांगू नकोस. बाईमाणसाची अंघोळ आहे, मी इथंच बसतो, दाराशी. अजून लागलं तर हाक मार, तापवून आणतो."

तो जिन्याच्या पायरीवर बसला, उघड्या दाराकडे पाठ करून. पिलू भांडं घेऊन आजीपाशी आली, रिवाजाप्रमाणे पुन्हा एकदा कोपर बुडवलं, आणि मग किती तरी वेळ तिनं ते बाहेर काढलंच नाही.

"बरोबर आहे का गं?" बाहेरून घोगऱ्या आवाजात त्यानं विचारलं.

"बरोबर आहे, बाबा," ती म्हणाली.